इनिटरॅमएफएस

इनिटरॅमएफएस म्हणजे लिनक्स चालू होताना काही सेकंदांपुरती रॅममध्येच उभी राहणारी छोटीशी फाइल सिस्टीम. खरी सिस्टीम डिस्कवर असते, पण कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो आणि तो ड्रायव्हर पडलेला असतो त्याच डिस्कवर, म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली घरात. सगळे ड्रायव्हर कर्नलमध्येच कोंबता येतात, पण मग कर्नल उगाच फुगतो, शिवाय डिस्कला पासवर्ड लावलेला असेल तर तो विचारायला तरी आधी कोणीतरी जागं पाहिजे ना.

आगबोटीने मुंबईहून गावी येणाऱ्या जुन्या कोकणी माणसाला हे पटकन कळेल. बऱ्याच बंदरांत बोट किनाऱ्याला लागायचीच नाही, लांब खोल पाण्यात उभी राहायची, मग पडाव, म्हणजे होडी, जाऊन माणसं आणि ट्रंका उतरवून आणायचा. इनिटरॅमएफएस हा तो पडाव, फरक एवढाच की इथे माणसं उतरली की पडाव मोडून टाकतात.

आधी ग्रब, म्हणजे लिनक्स चालू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, कर्नल आणि इनिटरॅमएफएसची इमेज दोन्ही रॅममध्ये आणून ठेवतो, त्याला हे जमतं कारण तो डिस्क मदरबोर्डवरच्या फर्मवेअरच्या मदतीने वाचतो, कर्नलला मात्र पुढे स्वतःचा ड्रायव्हर लागतो. इमेज म्हणजे सीपीआयओ प्रकारचं गाठोडं, जीझिप नाहीतर झेडएसटीडी पद्धतीने दाबून लहान केलेलं. कर्नल ते रॅममध्ये सोडतो, त्यातला इनिट हा प्रोग्रॅम १ नंबरची प्रोसेस म्हणून चालवतो, आणि मग तो ड्रायव्हर लोड कर, डिस्क दिसायची वाट बघ, पासवर्ड विचार, एलव्हीएम (डिस्कचे तुकडे जोडून एक करायची सोय) असेल तर जुळव, असं करत खरी रूट डिस्क, म्हणजे जिच्यावर मुख्य सिस्टीम आहे ती, माउंट करतो, म्हणजे वापरायला जोडतो. शेवटी स्वतःच्या फाइली पुसून जागा खऱ्या इनिटला देतो, आजकाल बहुतेक ठिकाणी सिस्टमडीला, आणि प्रोसेसचा नंबर १ तसाच राहतो.

मेमरी दोनदा परत मिळते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गाठोडं सोडून झालं की दाबलेल्या इमेजची जागा सुटते, कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेज कमांडमध्ये 'फ्रीइंग इनिटआरडी मेमरी' अशी ओळ दिसते ती हीच, आणि फाइली पुसल्यावर उरलेली जागा सुटते. याच कामाची आधीची पद्धत म्हणजे इनिटआरडी, तिच्यात मेमरी जास्त वाया जायची, ती ठरलेल्या साइजची रॅमडिस्क असायची, तिच्यावर वेगळी फाइल सिस्टीम, आणि तोच डेटा परत कॅशमध्ये, म्हणजे एकाच मालाला दोन गोण्या. २.६ कर्नलपासून नवी पद्धत आली तरी डेबियन-उबंटू या लिनक्सच्या प्रकारांत फाइलचं नाव अजून इनिटआरडी डॉट आयएमजीच आहे, जुनं नाव चिकटलं ते चिकटलं.

एरवी हे कोणाला दिसत नाही, दिसतं ते पावसाळ्यात. आमच्याकडे जूनमध्ये वारा सुटला की लाइट गेलीच, काजूच्या कारखान्यातला उबंटूचा पीसी बिलं करता करता बंद पडला, लाइट आल्यावर काळ्या स्क्रीनवर बिझीबॉक्स (इमेजमधल्या छोट्या कमांडांचा संच) असं नाव आणि खाली कंसात इनिटरॅमएफएस, पुढे काही नाही. दुरुस्तीवाला म्हणाला फॉरमॅट करावं लागेल. काही गरज नव्हती! पडाव पाण्यात तसाच उभा होता, किनारा सापडत नव्हता एवढंच, म्हणजे रूट डिस्कवरची फाइल सिस्टीम बिघडलेली. स्क्रीनवर वरती पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या त्या भागाचं, नावही छापलेलं होतं, त्यावर एफएससीके ही फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवली, बऱ्याच प्रश्नांना वाय दाबलं, मग एक्झिट, आणि लॉगिन आलं. डिस्कच मरायला टेकली असेल तर मात्र आधी डेटा काढून घ्या, एफएससीके नंतर.

इमेज परत बनवायला डेबियन-उबंटूत अपडेट-इनिटरॅमएफएस ही कमांड, फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात ड्रॅकट. डेबियनच्या सेटिंगमध्ये मॉड्यूल्ससमोर (म्हणजे कोणते ड्रायव्हर भरायचे त्यासमोर) 'मोस्ट' असतं ते राहू द्या. 'डेप' केलं की फक्त त्याच मशीनला लागणारे ड्रायव्हर भरले जातात, इमेज लहान होते खरी, पण वीज पडून मदरबोर्ड गेला आणि डिस्क दुसऱ्या पीसीला लावली की बहुतेक परत तोच काळा स्क्रीन.