दोन्हींवर १०/१००, पण एकाच्या वाटेत घाट

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीची पातळी खाली पंपरूममध्ये दिसावी, म्हणून ईएसपी३२ (नेटवर्कला जोडता येणारी छोटी कंट्रोलर चिप) बसवायचं ठरलं. वीस मजल्यांच्या काँक्रीटमधून वायफाय उतरेना, तेव्हा डक्टमधून केबल सोडली. साठेक मीटर, म्हणजे इथरनेटच्या शंभर मीटरच्या मर्यादेत. शेजारचा मुलगा लॅमिंग्टन रोडवरून केबल जोडायचे दोन बोर्ड घेऊन आला, एक लॅन८७२० चिपचा, दुसरा डब्ल्यू५५००चा. "काका, दोन्ही १०/१०० आहेत. कुठलाही चालेल ना?"

१०/१०० म्हणजे सेकंदाला १० किंवा १०० मेगाबिट (एमबीपीएस). केबलचा सॉकेट सारखाच, आणि नेटवर्क स्विचशी १०० एमबीपीएसची लिंकही दोन्ही खरोखर लावतात. भानगड सॉकेटच्या मागे आहे.

लॅन८७२० हा नुसता 'फाय'. तारेवरचे सिग्नल आणि बिट यांची अदलाबदल, बस. फ्रेम (डेटाचं पाकीट) बांधणारा 'मॅक' कंट्रोलरच्या पोटात लागतो. मूळ ईएसपी३२मध्ये तो आहे, ईएसपी३२-एस३ आणि ईएसपी३२-सी३ या भावंडांमध्ये नाही. आडनावावर जाऊ नका. मॅक आणि फाय यांच्यामध्ये आरएमआयआय नावाची जोडणी: जाताना दोन तारा, येताना दोन, ताल देणारं घड्याळ ५० मेगाहर्ट्झ. दोन गुणिले पन्नास, पुरे शंभर. पण डेटाच्या पिना ठरलेल्या, आणि बाहेरून घड्याळ घ्यायचं तर ते जीपीआयओ० या पिनवरच. बूट होताना हीच पिन लो दिसली की चिप प्रोग्रॅमिंग मोडमध्ये जाते. घड्याळ देणारा ऑसिलेटर आधीच धावत असेल तर बोर्ड कधी उठतो, कधी नाही. यात माझे दोन रविवार गेले. शेवटी बूट होईपर्यंत ऑसिलेटर एका पिनने बंद ठेवला, तेव्हा सुटलो.

डब्ल्यू५५००मध्ये फाय, मॅक आणि टीसीपी/आयपी (नेटवर्कवर बोलण्याचे नियम) सुद्धा चिपमध्येच. एका वेळी आठ कनेक्शन, ३२ केबी तात्पुरती साठवण. एसपीआय नावाच्या जोडणीच्या चार तारा कंट्रोलरला लावल्या की साधा आर्डुइनो ऊनो बोर्डही नेटवर्कवर. मात्र एसपीआय घड्याळाच्या एका ठोक्याला एकच बिट नेते. २० मेगाहर्ट्झवर चालवलीत तर २० एमबीपीएसच्या वर जाणं नाही, प्रत्यक्षात त्याहून कमीच. घोडबंदर रोड कितीही रुंद करा, गायमुखच्या घाटातून निघतील तेवढ्याच गाड्या पुढे.

(स्वस्तातला तिसरा बोर्ड, ईएनसी२८जे६०, या वादात नाहीच, त्याची लिंकच १० एमबीपीएसची.)

टाकीची पातळी म्हणजे सेकंदाला चार-दोन बाइट. त्यांना घाट आडवा येत नाही. मुलाला म्हटलं, डब्ल्यू५५०० लाव. लॅन८७२० माझ्या खणात आहे.