सामायिक कुरणं लोकांच्या हावरटपणानं उजाड झाली? नाही हो

१९६८ च्या एका गाजलेल्या लेखापासून हे फिरतंय की सामायिक कुरणात जो तो वाट्टेल तेवढी गुरं सोडतो, गवत संपतं, म्हणूनच इंग्लंडमध्ये कुंपणं घालावी लागली. असं नव्हतं! कुणी किती जनावरं सोडायची ते बऱ्याच गावांनी ठरवलेलं असायचं, जास्त सोडली की दंड. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशरच्या लॅक्स्टन गावात सामायिक शेतीची ही जुनी पद्धत टिकून आहे, तिथे तर आजही पंच दरवर्षी शेतात फिरून बघतात, कुणी नांगर वाटेत घातला असेल तर दंड होतो. १६०४ ते १९१४ मध्ये संसदेनं ५,२०० हून जास्त कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन बंदिस्त केली, म्हणजे वाटून, कुंपणं घालून खासगी केली. पीक काही ठिकाणी वाढलं, मान्य, पण ज्यांची एकच गाय त्या माळावर चरायची, सरपणही तिथूनच यायचं, त्यातल्या कितीतरी जणांकडे कागदावर हक्कच नव्हता म्हणून वाटणीत काहीच मिळालं नाही, गाय विकावी लागली आणि अख्खं घर मजुरीवर आलं.