शाळेसाठी तबला-पेटी मागवण्याआधी वर्गाचा सा काढा

माध्यमिक शाळांतले संगीत शिक्षक, मुख्याध्यापक आणि स्नेहसंमेलनाची जबाबदारी अंगावर असलेल्या सर-मॅडमसाठी

जून उजाडला की आमच्या कोल्हापुरातल्या वाद्यांच्या दुकानात शाळांचे फोन सुरू होतात. "आठवी ते दहावीसाठी संगीताचं सामान हवंय. एक पेटी, एक तबला-डग्गा, बाकी तुम्हीच बघा." आम्ही पहिला प्रश्न विचारतो, वर्गाचा सा, म्हणजे बहुतेक मुलांना आरामात गाता येईल असा मूळ सूर, कुठला? बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते काय, नेहमीचाच द्या."

अडचण इथूनच सुरू होते. सा न ठरवता नेलेला तबला दिवाळीच्या आगेमागे फाटकी पुडी (तोंडावरचं कातडं) घेऊन परत येतो. शाळेला वाटतं माल कच्चा होता. माल कच्चा नसतो, तबला चुकीच्या सुराला ओढलेला असतो. म्हणून हे पत्रक सविस्तर लिहिलं आहे. त्यात वर्गात घेण्यासारखे काही उपक्रमही दिले आहेत. वर्गात काय करून घ्यायचं हे ठरलं की काय विकत घ्यायचं ते आपोआप ठरतं. उलट्या क्रमाने गेलं की कपाट भरतं आणि तास रिकामा राहतो.

आधी तबल्याचं बघू. प्रत्येक तबला त्याच्या तोंडाच्या मापाप्रमाणे एका ठरावीक सुराच्या आसपासच बोलतो. साडेपाच इंची तबला साधारण काळी एकला (पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला) छान लागतो, सव्वापाच इंची काळी दोनच्या आसपास. गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून आणि गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) हातोडी मारून तो थोडा वर-खाली करता येतो, पण थोडाच. काळी एकचा तबला ठोकून ठोकून काळी चारला न्यायचा म्हटलं तर वादी (पुडी ताणणारी कातडी दोरी) तुटते, नाहीतर पुडी कडेने उलते. शाळेत नेमकं हेच होतं. मॅडम काळी चारमध्ये गातात, तबला त्या सुरात लागत नाही, मग नववीतला एखादा उत्साही मुलगा हातोडी घेऊन बसतो.

त्याची गरजच नसते. तबला 'सा'लाच लावला पाहिजे असं नाही, मध्यमाला (म) किंवा पंचमालाही (प) लावता येतो. गाणं काळी चारमध्ये असेल तर काळी एक हा त्याचा मध्यम. गाणं काळी तीनमध्ये असेल तर तीच काळी एक पंचम होते. म्हणजे साडेपाच इंची एकच तबला काळी एक, काळी तीन आणि काळी चार या तिन्ही सुरांच्या गाण्यांना चालतो. भूप शिकवत असाल तर एवढं सांभाळा की त्या रागात मध्यम नाही, त्यामुळे मध्यमात लावलेला तबला कानाला खटकतो. अशा वेळी गाणं काळी तीनमध्ये घ्या, तबला पंचमात बसेल. वर्गाचा सा काळी पाच निघाला, तर मात्र सव्वापाच इंची, काळी दोनचा तबला घ्यावा लागतो.

आता वर्गाचा सा काढायचा कसा. पहिल्या आठवड्यातला एक तास यासाठी ठेवा. साठ जणांसमोर एकेकाला उभं करून "गा" म्हणू नका, मुलं गोठतात. सगळ्यांना उभं करा. पेटीवर मधल्या सप्तकातली काळी एक धरा, सगळ्यांनी 'आ'कार लावायचा. मग एकेक पट्टी खाली उतरत जा. आवाज न दाबता, घसा न खरवडता जिथपर्यंत स्पष्ट निघतो तिथपर्यंत गायचं, निघेनासा झाला की गुपचूप खाली बसायचं. कोण कुठल्या पट्टीला बसलं ते दोन मुलांनी वहीत टिपायचं.

मुलाची जी शेवटची स्पष्ट पट्टी, तिला त्याचा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम धरा. तीच पहिली मोजून, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरत वर सहावी पट्टी येईल तो त्याचा सा. आवाज काळी दोनला संपला तर सा काळी चार. हा हिशेब मुलांनाच करायला लावा, गणिताच्या तासासारखी चढाओढ लागते आणि प्रत्येकाला आपला सूर पाठ होतो.

या वयात मुलांचे आवाज फुटतात आणि जवळजवळ एक सप्तक खाली जातात. आठवीच्या गॅदरिंगला सुरेल गाणारा मुलगा नववीत अचानक फाटका गातो, कारण आपण त्याला जुन्याच सुरात गायला लावतो. त्याला 'तुझा गळा गेला' असं कधी म्हणू नका. असली वाक्यं पोरं आयुष्यभर धरून बसतात. त्या वर्षी त्याला हलगी द्या, झील (शाहिराच्या मागून ओळ उचलण्याचं काम) द्या, खालच्या 'सा'वर गुणगुणायला बसवा. आवाज स्थिरावला की पुन्हा सा काढा. मुलं-मुली एकत्र गाणार असतील तर सा ते वरचा सा एवढ्यातच फिरणारं गाणं निवडा आणि ते काळी एकमध्ये घ्या. मुली वरच्या सप्तकात गातील, आवाज फुटलेली मुलं खालच्या.

हा एक तास झाला की आमच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असतं आणि तबला पहिल्यांदाच बरोबर मिळतो.

"एवढ्या मुलांना शास्त्रीय संगीत शिकवणं जमणार आहे का?" असंही विचारलं जातं. याला आमचं उत्तर आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातलं आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. त्यांनी मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम घेतली आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं गुरूच्या घरातून वर्गात आणलं. समूहाला शिकवायची वाट आपल्याकडच्याच माणसाने पाडलेली आहे. वर्गात शिकवायची रीत मात्र वेगळी हवी.

ताल शिकवायला तबला लागतच नाही, हे आम्ही तबला विकणारेच सांगतो. तीनतालाचे चार विभाग म्हणजे वर्गाचे चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात एक गट. सगळ्यांनी बोल म्हणायचे. पहिला, दुसरा आणि चौथा गट आपापल्या विभागाच्या पहिल्या मात्रेला, म्हणजे १, ५ आणि १३ला, टाळी देतो. तिसऱ्या गटाची ९व्या मात्रेची खाली, तो फक्त हात उघडतो. दहा आवर्तनं (सोळा मात्रांचे फेरे) झाली की गट जागा बदलतात. मग खरी मजा. तुम्ही हात वर केला की पूर्ण एक आवर्तन कोणी बोलायचं नाही, टाळी नाही, मनातच मोजायचं आणि पुढच्या समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, सगळ्यांनी एकदम 'धा'. पहिल्या खेपेला धा इकडे-तिकडे विखुरतो. दोन आठवड्यांत एकजात पडतो, आणि त्या वेळी वर्ग जो ओरडतो तो शेजारच्या वर्गापर्यंत जातो. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा. नववी-दहावीला पुढे रूपक द्या. सात मात्रा आणि समेवरच खाली, त्यामुळे हुशार मुलंही पहिल्यांदा अडखळतात.

स्वरांसाठी फरशीचा खेळ घ्या. वर्गातल्या किंवा व्हरांड्यातल्या तेरा फरश्या सरळ रेषेत धरा, एक फरशी म्हणजे पेटीची एक पट्टी. भूपाचे स्वर खडूने लिहा: पहिल्या फरशीवर सा, तिसरीवर रे, पाचवीवर ग, आठवीवर प, दहावीवर ध, तेरावीवर वरचा सा. एक जण चालतो, वर्ग गातो. ग वरून प वर जाताना लांब ढांग टाकावी लागते, ते अंतर पायाला कळतं आणि गळ्यात उतरतं. चालणारा मध्येच मागे फिरला तर वर्गालाही फिरावं लागतं. पेटीवर बसणाऱ्याने आधी नुसता सा धरून ठेवायचा, बाकीचे स्वर नंतर तपासायचे. सगळे स्वर पेटीने पुरवले की मुलं पेटीच्या मागून गातात, स्वतःहून स्वर लावत नाहीत.

आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त दिवस टिकतो तो पोवाडा. ज्या गावात शाहीर पिराजीराव सरनाईकांसारखे शाहीर होऊन गेले तिथल्या मुलांना 'जी जी रं जी' शिकवावं लागत नाही. एक शाहीर, चार झीलकरी, बाकी वर्ग शेवटची ओळ उचलणारा. विषय इथलाच द्या: शाहू महाराजांनी राधानगरीला बांधायला घेतलेलं धरण, खासबागेतली कुस्ती, २०१९चा पंचगंगेचा महापूर. त्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं अशी मुलं बऱ्याच वर्गांत असतात, त्यांच्याकडे सांगायला खूप असतं. मराठीच्या मॅडमना सोबत घ्या. आठ ओळी पुरे. ओळ तालात बसत नसेल तर शब्द बदलायचा, ताल बदलायचा नाही, एवढा एकच नियम. ज्या मुलांना गाता येत नाही असं वाटतं ती झील धरतात आणि बघता बघता सुरात येतात. यासाठी एक डफ, एक तुणतुणं आणि झांजांची एक जोडी लागते. तबला नाही.

हलगीचंही तेच. जोतिबाच्या यात्रेत आणि कुस्तीच्या मैदानात हलगी, घुमकं, कैताळ ही वाद्यं ऐकत वाढलेल्या मुलांच्या हातात लय आधीच असते. शिक्षकाने एक तुकडा वाजवायचा, मुलांनी बाकावर बोटांनी तो परत करायचा, मग एकाने हलगीवर. खेड्यातल्या शाळांत वाजवणाऱ्या घरातली मुलं असतात. त्या तासाला त्यांना पुढे बसवा आणि बाकीच्यांना त्यांच्याकडून शिकू द्या. वाजवण्याआधी हलगी का शेकतात, हा प्रश्न विज्ञानाच्या सरांकडे पाठवा.

आठवड्यातून पाच मिनिटं ऐकण्यासाठी ठेवा. गायक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात राहिले, त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथे रुजली. मुलांना घराण्याचा इतिहास सांगत बसू नका. विलंबित (संथ लयीतला) ख्याल लावा आणि सम आली की बोट वर करायला सांगा, तेवढं बास.

आता कपाटाकडे. वर सांगितलेल्या उपक्रमांसाठी साठ मुलांच्या वर्गाला एक पेटी, एक तबला-डग्गा, दोन-तीन हलग्या, एक डफ, तुणतुणं आणि झांजांच्या काही जोड्या पुरतात. चार तबले मागणाऱ्या शाळेला आम्ही एकच द्यायला तयार होतो, कारण चार तबले वाजवणारी चार मुलं नसतील तर तीन नुसते पडून राहतात. मुलं संगीताच्या प्रारंभिक, प्रवेशिकेच्या परीक्षांना बसायला लागली की दुसरा जोड घ्या. स्केलचेंज (पट्ट्या सरकवून सा बदलता येणाऱ्या) पेटीची मागणीही बरीच येते. ती जड असते, तिची यंत्रणा नाजूक असते आणि मुलांच्या हाताळणीत पट्ट्या अडकू लागतात. शाळेला साधी, दुहेरी सुरांची पेटी द्यावी असं आमचं ठाम मत आहे. दोन-तीन पट्ट्यांवरून सा धरायचा सराव शिक्षकांनी महिनाभर केला की स्केलचेंजची आठवणही येत नाही.

राहिला दिवाळीचा फोन. "तबला कपाटात होता, कोणी हात लावला नाही, आपोआप फाटला." हे खरं असतं, आणि कारणही सरळ आहे. आपल्याकडच्या पावसात कातडं ओल धरतं, सैल पडतं, सूर उतरतो. जुलैत तो सूर चढवण्यासाठी गट्टे खाली ठोकले जातात. ऑक्टोबरचं ऊन लागलं की कातडं सुकून आखडतं, पण गट्टे तिथेच असतात. ताण फार वाढतो आणि सुट्टीत कधीतरी पुडी फुटते. म्हणून पावसाळ्यात तास किंवा कार्यक्रम संपला की गट्टे वर ठोकून तबला सैल करा, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तर न विसरता करा. पावसात सूर अगदीच उतरला तर तबल्याशी झगडू नका, त्या दिवशी गाणंच एक पट्टी खाली घ्या. शाईवर (पुडीवरच्या काळ्या वर्तुळावर) ओला हात नको. डग्गा चुंबळीवरच ठेवा, थेट फरशीवर नको. हातोडी शिक्षकांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात.

यामुळेच फुटलेली पुडी आम्ही फुकट बदलून देत नाही. ओढाताणीने फुटलेली पुडी कडेला कशी उलते ते दुकानात शेजारी ठेवून दाखवतो. नवी पुडी लगेच हवी असा आग्रहही धरू नये. चढवल्यावर ती ताणून रात्रभर बसू द्यावी लागते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोळाही घरं (गजऱ्यातल्या वादीमधल्या जागा) एका सुरात मिळवावी लागतात. घाईने दिलेली पुडी आठवड्यात सुरातून जाते आणि तुमची दुसरी खेप होते.

डिसेंबर-जानेवारीतल्या स्नेहसंमेलनांसाठी तबला, ढोलकी आणि हलग्या भाड्याने मिळतात. दिवाळीनंतर लगेच सांगितलंत तर हव्या त्या सुराचा जोड राखून ठेवतो. आमच्याकडून सामान घेणाऱ्या शहरातल्या आणि करवीर तालुक्यातल्या शाळांत आमचा माणूस एक तास येऊन वर्गाचा सा काढून देतो आणि तबला सैल-ताण करायला शिकवतो. त्याचे पैसे घेत नाही.

फोन करताना एवढं हाताशी ठेवा: इयत्ता, मुला-मुलींची संख्या, काढलेला सा, आणि जुना तबला असेल तर त्याच्या तोंडाचं माप, चाटीच्या (पुडीच्या कडेच्या पट्टीच्या) एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत, इंचात. दुरुस्तीला आणताना गट्टे सैल करून आणा आणि डग्गा वेगळ्या पिशवीत ठेवा.