अमेरिकेतल्या अजगरबंदीमागची पार्श्वभूमी

फ्लोरिडातल्या सम्टर काउंटीत 1 जुलै 2009 रोजी सकाळी दोन वर्षांची एक मुलगी तिच्या पाळण्यात मृत सापडली. घरात पाळलेला साडेआठ फुटी बर्मी अजगर रात्री काचेच्या टाकीतून बाहेर पडला होता. टाकीला धड झाकण नव्हतं, वर गोधडी टाकलेली होती. अजगर बरेच दिवस उपाशी होता आणि तो पाळण्याचा परवाना घरात कुणाकडेही नव्हता. पुढे 2011 मध्ये मुलीची आई आणि तिचा जोडीदार यांना प्रत्येकी 12 वर्षांची शिक्षा झाली. पाळीव सापांवर बंदी घाला, ही मागणी अमेरिकेत त्याआधीही होत होती. या घटनेनंतर ती घरोघरी पोचली.

परवान्याचा नियम तोवर नव्हता असं नाही. फ्लोरिडात 2008 पासूनच मोठ्या अजगरांसाठी वर्षाला 100 डॉलरचा परवाना आणि सापाच्या कातडीखाली मायक्रोचिप सक्तीची होती. नियम होता, तो पाळला गेला नाही आणि कुणी तपासलाही नाही. तरी चर्चा अंमलबजावणीची झाली नाही, सरसकट बंदीची झाली. या घटनेच्या आधीच, फेब्रुवारी 2009 मध्ये सिनेटमध्ये आलेल्या एका विधेयकात तर 'पायथन' हा अख्खा वंशच अपायकारक ठरवायचा प्रस्ताव होता. या वंशात वीस फुटांच्या आसपास जाणारे अजगर येतात, तसाच जेमतेम चार-पाच फुटांचा, घाबरला की अंगाचं वेटोळं करून डोकं आत लपवणारा बॉल पायथनही येतो. तो लाखो घरांत पाळला जात होता. पाळणारे खवळले, पत्रांचा पाऊस पडला आणि ते विधेयक त्या रूपात पुढे सरकलं नाही.

लोकांची भीती घरातल्या सापाची होती. वन्यजीव अभ्यासकांची चिंता दलदलीतल्या सापाची होती. हे दोन वेगळे प्रश्न एकाच कायद्यात कोंबले गेले, आणि पुढचा बराचसा गोंधळ तिथून सुरू झाला.

दलदलीतला प्रश्न जुना आहे. एव्हरग्लेड्स या दक्षिण फ्लोरिडातल्या विस्तीर्ण दलदलीच्या परिसरात पहिला बर्मी अजगर 1979 मध्ये सापडल्याची नोंद आहे. पुढची दोन दशकं एखाददुसरा सापडायचा, तेव्हा कुणीतरी सोडून दिलेला पाळीव साप म्हणून तो विषय तिथेच संपायचा. 1992 च्या अँड्र्यू चक्रीवादळात अजगरांची पैदास करणारं एक केंद्र उद्ध्वस्त झालं आणि तिथून सगळे अजगर पसरले, ही गोष्ट आजही सर्रास सांगितली जाते. वादळाने भर घातली असेलही, पण सगळा दोष त्याच्यावर ढकलला की वर्षानुवर्षं डोळ्यांदेखत चाललेला व्यापार नामानिराळा राहतो. 1996 ते 2006 या काळात सुमारे 99 हजार बर्मी अजगर अमेरिकेत आयात झाले. हातभर लांबीचं पिल्लू स्वस्तात मिळायचं. दोन-तीन वर्षांत ते आठ-दहा फुटांचं झालं की घरात ठेवणं अवघड आणि कुणी घ्यायलाही तयार नाही. मग गाडी काढायची आणि कालव्याकाठी सोडून यायचं. 2000 मध्ये इथे अजगरांची स्वतःची वीण रुजल्याचं मान्य झालं. 2005 मध्ये मगर गिळताना पोट फुटून मेलेल्या 13 फुटी अजगराचा फोटो जगभर छापून आला.

2008 मध्ये सरकारी शास्त्रज्ञांनी एक नकाशा काढला. हवामानाच्या जुळणीवरून अमेरिकेच्या मुख्य भूमीचा जवळपास एक तृतीयांश भाग या अजगराला मानवू शकतो, असा त्याचा अर्थ होता. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासाने ही व्याप्ती दक्षिण फ्लोरिडा आणि टेक्सासच्या टोकापुरती आणली, पण त्याची बातमी फारशी झाली नाही. जानेवारी 2010 मध्ये फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली, तेव्हा रेडिओ ट्रान्समीटर बसवलेल्या 10 पैकी 9 अजगर मेले. साउथ कॅरोलायनात कुंपणात ठेवून पाहिलेले दहाच्या दहा मेले. तरीही देशव्यापी बंदीची बाजू मांडताना मोठ्या नकाशाचाच आधार घेतला जात राहिला.

आता ज्या कायद्याचा आधार घेतला गेला त्याकडे येऊ, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. हा लेसी कायदा 1900 चा. अपायकारक प्राण्यांच्या त्याच्या पहिल्या यादीत चिमणी, स्टारलिंग हा पक्षी आणि वटवाघळांबरोबर मुंगूसही होतं. उसाच्या शेतातले उंदीर मारायला आपल्याकडून जमैकात आणि तिथून हवाईत नेलेल्या मुंगसाने तिथल्या पक्ष्यांचा फडशा पाडला होता. म्हणजे कायद्याचा हा भाग बाहेरून येणारा प्राणी बंदरावर अडवण्यासाठी झालेला. घरात कोण काय पाळतो, याच्याशी त्याचा संबंध नाही.

जानेवारी 2012 मध्ये या यादीत चार साप घातले गेले: बर्मी अजगर, आफ्रिकी अजगराच्या दोन जाती आणि पिवळा अॅनाकोंडा. मार्च 2015 मध्ये जाळीदार अजगरासह आणखी चार आले. लोकांनी याला पाळण्यावरची बंदी समजलं. प्रत्यक्षात आयात बंद झाली आणि राज्याची हद्द ओलांडून साप नेणं गुन्हा ठरलं. घरात आहे तो साप ठेवायला केंद्राची हरकत नव्हती. पण बदली होऊन टेक्सासमधून ओक्लाहोमाला जाणाऱ्या माणसाने आपला पंधरा वर्षांचा अजगर गाडीत घेतला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. ज्या फ्लोरिडात अजगर मोकळे फिरत होते, तिथे राज्याने 2010 मध्येच नव्याने पाळायला मनाई केलेली होती. मग ओक्लाहोमाच्या हिवाळ्यात एक रात्र न टिकणाऱ्या सापाची वाहतूक अडवून एव्हरग्लेड्सचं काय भलं होणार होतं? याचं पटेल असं उत्तर मला कुठे दिसलेलं नाही.

साप पाळणाऱ्यांची संघटना 2013 च्या अखेरीस कोर्टात गेली. वाद एका वाक्यावर होता. 'खंडीय अमेरिका, राजधानीचा जिल्हा, हवाई, प्वेर्तो रिको आणि इतर ताब्यातले प्रदेश यांच्यामध्ये' होणारी वाहतूक कायद्याने निषिद्ध आहे. सरकारचं म्हणणं, यात राज्याराज्यांतली वाहतूकही आली. संघटनेचं म्हणणं, खंडीय अमेरिका हा एकच प्रदेश धरलाय, त्याच्या पोटातली 49 राज्यं वेगवेगळी मोजलेली नाहीत. 7 एप्रिल 2017 रोजी अपिलीय न्यायालयाने संघटनेचं म्हणणं उचलून धरलं. गंमत म्हणून नाही, तर कायद्याच्या मांडणीतला दोष म्हणून सांगायला हवं, की राजधानीचा जिल्हा या खंडीय अमेरिकेच्या आतच येतो. तरी तो यादीत वेगळा आहे, त्यामुळे तिथे साप नेणं निषिद्ध आणि सभोवताली एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं चालतं.

बोआ कन्स्ट्रिक्टर या अजगरासारख्याच आवळून मारणाऱ्या सापाचं प्रकरणही विसरता येत नाही. यादीत साप घालण्याच्या 2010 च्या मूळ प्रस्तावात नऊ साप होते. 2015 मध्ये बोआला वगळलं, कारण तो फार घरांत आहे, देशातच त्याची पैदास होते. मोठ्या धंद्याला सूट मिळाली, असं लोकांना वाटलं तर त्यांना चूक कसं म्हणायचं?

दलदलीतली हानी मात्र खरी आहे, तिच्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. 2012 च्या एका अभ्यासात एव्हरग्लेड्समधले रॅकून 99.3 टक्क्यांनी, ओपॉसम 98.9 टक्क्यांनी आणि बॉबकॅट हे रानमांजर 87.5 टक्क्यांनी कमी दिसू लागल्याचं नोंदलं गेलं. 2013 मध्ये अजगर पकडण्याची खुली स्पर्धा झाली. सुमारे 1600 जण उतरले, हाती लागले 68. जानेवारी 2017 मध्ये तमिळनाडूतल्या इरुला जमातीच्या दोन सर्पतज्ज्ञांना मुद्दाम बोलावलं. रस्त्याने गाडी फिरवण्याऐवजी त्यांनी गवतात शिरून सरपटल्याची खूण आणि विष्ठा शोधली. पहिल्या पंधरवड्यातच 13 अजगर निघाले, त्यातले काही एका जुन्या क्षेपणास्त्र तळाच्या भुयारात दडलेले होते. पगारी पकडणारे नेमण्याची पद्धतही त्याच वर्षी रुजली.

फ्लोरिडाने 2021 मध्ये मनाईच्या यादीत हिरवा इग्वाना आणि तेगू सरड्यांसह आणखी 16 सरपटणारे प्राणी घातले. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्याराज्यांतल्या वाहतुकीवरची बंदी परत आणणारी तरतूद प्रतिनिधिगृहात एका मोठ्या औद्योगिक विधेयकात घालून मंजूर झाली. ऑगस्टमध्ये झालेल्या अंतिम कायद्यात ती नव्हती. आठ सापांची आयात अजून बंदच आहे, बाकी प्रत्येक राज्याचा नियम निराळा. दक्षिण फ्लोरिडातून 2000 पासून 23 हजारांहून अधिक अजगर हटवले गेले आहेत, आणि त्यातले बहुतेक कुणाच्याही टाकीत कधी नव्हतेच, त्या दलदलीतच जन्मले होते.