रिलॅप्स प्रतिबंध (व्यसनोपचारानंतर)

दारू किंवा अन्य मादक पदार्थांच्या व्यसनावर उपचार घेतलेल्या व्यक्तीने काही काळ दूर राहून पुन्हा पूर्वीसारखे सेवन सुरू करणे म्हणजे रिलॅप्स. तो टळावा, झालाच तर लवकर थांबावा आणि जिवावर बेतू नये, यासाठी उपचारानंतर जे जे केले जाते, त्याला रिलॅप्स प्रतिबंध म्हणतात. समुपदेशन, औषधे, स्वमदत गट, घरच्यांचा सहभाग आणि दिनक्रमाची नव्याने बसवलेली घडी हे सगळे त्यात येते. शरीर पदार्थातून मोकळे व्हायला साधारणपणे काही दिवस ते दोन आठवडे पुरतात. पण झोप नीट न लागणे, चिडचिड, उदासी, कशातच रस न वाटणे या तक्रारी पुढे अनेक महिने टिकू शकतात. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेला माणूस बाहेरून बरा दिसतो, घरचे निर्धास्त होतात, आणि नेमका हाच काळ सर्वांत नाजूक असतो.

संशोधक विल्यम हंट आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दारू, हेरॉइन आणि तंबाखू सोडलेल्यांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा तिन्ही पदार्थांचे आलेख जवळजवळ सारखे निघाले. पुन्हा सेवनाकडे वळलेल्यांपैकी बहुतेक जण पहिल्या तीन महिन्यांतच वळले होते. त्यानंतर आलेख हळूहळू सपाट होत गेला. पुढे २००० मध्ये संशोधक टॉमस मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी व्यसनाची तुलना उच्च रक्तदाब, दमा आणि मधुमेह यांच्याशी केली आणि या आजारांतही उपचार न पाळणे व त्रास पुन्हा उद्भवणे व्यसनाइतकेच सर्रास आढळते असे दाखवले. व्यसनात रिलॅप्सचे प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितले जाते. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून कोणी रुग्णाला निर्लज्ज म्हणत नाही; डॉक्टर औषध बदलतात, पथ्य तपासतात. व्यसनी माणसाच्या वाट्याला मात्र ‘इतका खर्च केला, तरी हा सुधारला नाही’ हेच येते. हा फरक नुसता अन्यायाचा नाही, तो प्रत्यक्ष उपचाराच्या आड येतो. कारण ज्याला बोलणी खावी लागणार असतात तो लपवतो, आणि लपवलेल्या रिलॅप्सवर वेळेत उपाय करता येत नाही.

तलफ हवेतून येत नाही. वर्षानुवर्षे ज्या जागी, ज्या वेळी, ज्या मित्रांबरोबर सेवन झाले, त्या सगळ्या गोष्टी मेंदूत पदार्थाशी जोडल्या जातात. संध्याकाळची ठरावीक वेळ, हातात आलेला पगार, जुना रस्ता यांतली एकही गोष्ट तलफ जागवायला पुरते. अशा कारणांना ट्रिगर म्हणतात. परिसर किती प्रभावी ठरतो याचा ठळक पुरावा अमेरिकी संशोधक ली रॉबिन्स यांच्या अभ्यासातून मिळाला. व्हिएतनाम युद्धात असताना अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास २० टक्के हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेले होते, पण मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. केंद्रातून घरी जाणाऱ्याची स्थिती याच्या नेमकी उलट असते: उपचार परक्या जागी होतो आणि परतणे होते ते व्यसन जिथे वाढले तिथेच. म्हणून केंद्रात महिना-दोन महिने सहज व्यसनापासून दूर राहिलेल्या माणसाने त्यावरून घरचा अंदाज बांधणे धोक्याचे असते.

रिलॅप्स प्रतिबंधाला शास्त्रीय चौकट दिली ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट (१९४१–२०११) यांनी. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी स्लिप, म्हणजे एखाद्या वेळी झालेले सेवन, आणि रिलॅप्स, म्हणजे पूर्वपदावर जाणे, या दोन वेगळ्या अवस्था मानल्या. या दोन्हींच्या मध्ये माणूस काय विचार करतो यावर पुढचे सारे ठरते. ‘एक पेग घेतलाच आहे, आता सगळे संपले, मी असाच’ हा विचार मनात आला की अपराधभाव आणि हताशा एकदम दाटून येतात, आणि त्या शमवण्यासाठी हाताशी असलेला एकमेव परिचित उपाय म्हणजे दुसरा पेग. दिवस मोजण्याची सवय इथे दुधारी ठरते. मोजणीने उमेद मिळते हे खरे, पण एका चुकीने आकडा शून्यावर आला की मागच्या महिन्यांत शिकलेले सगळेच वाया गेले असे वाटू लागते. ते वाया जात नाही. स्लिप झालेल्याने त्याच दिवशी समुपदेशकाला फोन करणे, हे आधीच ठरवून आणि लिहून ठेवलेले असावे, कारण त्या क्षणी सुचत नाही.

मार्लॅट आणि सहकाऱ्यांनी रिलॅप्स झालेल्यांना आधी काय घडले होते ते विचारले. सुमारे ७० टक्के घटनांत तीन कारणे निघाली: राग, एकटेपणा, कंटाळा, निराशा अशा त्रासदायक भावना, कुणाशी झालेला वाद, आणि सोबत्यांचा आग्रह. मात्र आनंदाचे प्रसंगही सुरक्षित नसतात. लग्न, बढती, जुन्या मित्राची भेट अशा वेळी सावधपणा सुटतो. त्याही आधी बारीकसारीक निर्णयांची एक साखळी असते, आणि समुपदेशनातला सर्वांत कसबाचा भाग तीच उलगडण्याचा आहे. माणूस स्वमदत गटाच्या सभेला जाणे टाळू लागतो, गोळी ‘आज नको’ म्हणतो, जवळच्या वाटेऐवजी गुत्त्यावरून जाणारी वाट धरतो, पाहुण्यांसाठी म्हणून घरात बाटली आणून ठेवतो. प्रत्येक निर्णयाला साधेसे कारण असते आणि कुठलाही एकटा पाहिला तर निरुपद्रवी वाटतो. घोट घेतला जातो तेव्हा रिलॅप्स बराच पुढे आलेला असतो.

बचावाची कौशल्ये सरावानेच येतात. नकार कसा द्यायचा हे समुपदेशक प्रत्यक्ष अभिनय करून घेतात: आवाज ठाम, उत्तर छोटे, सबब नको, लगेच विषयांतर. तलफेबद्दल मार्लॅट यांनी लाटेचा दाखला वापरला. ती चढते, माथ्यावर येते आणि ओसरते, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. तिच्याशी झुंजायचे नाही, शरीरात ती कुठे जाणवते ते पाहत राहायचे. याच विचारातून पुढे सजगतेवर आधारलेली उपचारपद्धती तयार झाली. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्था ओळखून आधी त्यांची सोय लावणे हा स्वमदत गटांतला जुना नियमही तितकाच उपयोगी आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभा आज जगभर भरतात, आणि अडचणीच्या वेळी फोन करता येईल असा अनुभवी सोबती, म्हणजे स्पॉन्सर, ही तिथली मोठी जमेची बाजू आहे.

औषधांकडे अजूनही संशयाने पाहिले जाते, ‘एक सोडून दुसरे धरले’ असे म्हटले जाते, आणि त्यामुळे बरेच लोक उपयुक्त उपचाराला मुकतात. दारूसाठी नाल्ट्रेक्सोन सेवनातून मिळणारे सुख कमी करते, तर ॲकॅम्प्रोसेट दारूपासून दूर राहणे टिकवायला मदत करते. डायसल्फिरॅम, ज्याचा दारूवरील परिणाम १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये लक्षात आला, दारूच्या पचनातील एक टप्पा रोखते. त्यावर दारू घेतली तर चेहरा लाल होणे, मळमळ, धडधड आणि प्रसंगी जिवाला धोका संभवतो. रुग्णाला न सांगता ते जेवणात मिसळणे घातक आणि अनैतिक आहे. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात मेथॅडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दीर्घकाळ देण्याने मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे घटते. ही औषधे घाईने बंद करणे हेच अनेकदा रिलॅप्सचे कारण ठरते. सोबत असलेल्या नैराश्यावर किंवा चिंताविकारावर उपचार झाला नाही, तर यांतले काहीच फार काळ टिकत नाही.

घरच्यांनी खिसे तपासणे, वास घेणे, जुने हिशेब काढणे यांनी विश्वास वाढत नाही. दुसरीकडे कामावर खोटी कारणे कळवणे, कर्जे फेडत राहणे यांनी परिणाम झाकले जातात. मधली वाट अवघड आहे, म्हणून कुटुंबीयांसाठी स्वतंत्र गट आणि समुपदेशन असणे आवश्यक आहे.

काही दिवस भरपूर पिणे झाले असेल तर दारू घरी एकदम बंद करू नये. झटके किंवा भ्रमावस्था येऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावी. हेरॉइन आणि तत्सम पदार्थांत धोका वेगळा आहे. दूर राहिलेल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीची मात्रा आता श्वास थांबवायला पुरेशी ठरते. उपचार केंद्र किंवा तुरुंग सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत अतिमात्रेने होणारे मृत्यू याच कारणाने अधिक आढळतात. ही माहिती केंद्रातून निघण्यापूर्वी रुग्ण आणि कुटुंब दोघांनाही स्पष्ट शब्दांत द्यायला हवी, आणि जिथे उपलब्ध असेल तिथे नॅलॉक्सोन, म्हणजे अफूजन्य पदार्थांचा परिणाम उलटवणारे औषध, घरात ठेवायला हवे. श्वास मंद, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि हलवूनही प्रतिसाद नाही, अशी स्थिती दिसताच रुग्णवाहिका बोलवावी, नॅलॉक्सोन द्यावे, श्वास थांबला असल्यास कृत्रिम श्वास द्यावा, स्वतः श्वास घेत असल्यास कुशीवर झोपवावे. नॅलॉक्सोनचा परिणाम पदार्थाच्या आधी ओसरू शकतो, त्यामुळे शुद्ध आली तरी रुग्णालयात न्यावेच लागते.