विज्ञानाचा गैरवापर आणि वैज्ञानिकांचा सहभाग

नाझी जर्मनीने केलेल्या वंशसंहाराविषयी बोलताना ‘विज्ञानाचा गैरवापर झाला’ आणि ‘वैज्ञानिक व अभियंते त्यात सामील होते’ ही दोन विधाने अनेकदा एकाच अर्थाने केली जातात. पहिल्या विधानात ज्ञान निर्माण करणारा माणूस घटनेपासून दूर असतो आणि त्याने घडवलेली गोष्ट दुसरेच कोणी तरी भलत्या कामाला लावते. दुसऱ्या विधानातला माणूस आपले कसब कशासाठी वापरले जात आहे हे ओळखून ते पुरवत राहतो. नाझींनी छावण्यांतल्या विषवायूच्या कोठड्यांत माणसे मारण्यासाठी वापरलेल्या झायक्लॉन-बी या विषाच्या इतिहासात हे दोन्ही प्रकार इतके लागून आहेत की त्यांची गल्लत सहज होते.

झायक्लॉन-बी हे मुळात गोदामे, जहाजे आणि बराकींतले कीटक मारण्यासाठी १९२०च्या दशकात तयार झालेले द्रव्य होते. सच्छिद्र खड्यांत हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष शोषवून ते डबाबंद केले जाई. या प्रकारच्या धुरीचे संशोधन फ्रिट्झ हाबर यांच्या बर्लिनमधील संस्थेतून पुढे आले. हाबर ज्यू वंशाचे होते. त्यांनी १९३३ मध्ये जर्मनी सोडली आणि जानेवारी १९३४ मध्ये बाझेल येथे त्यांचे निधन झाले. आउशविट्झ या नाझी छावणीत जे घडले त्याबाबत त्यांच्या संदर्भात ‘गैरवापर’ हा शब्द योग्य ठरतो. (म्हणून त्यांचे हात स्वच्छ होते असे नव्हे. १९१५ मध्ये ईप्र येथे क्लोरीन वायूचा हल्ला त्यांच्याच देखरेखीखाली झाला होता. पण तो हिशेब वेगळा आहे.)

एरफुर्ट येथील टोप्फ कंपनीच्या बाबतीत मात्र हा शब्द वापरणे म्हणजे सरळसरळ पांघरूण घालणे होय. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचा मुख्य व्यवसाय बिअर व माल्टच्या कारखान्यांना यंत्रे पुरवण्याचा होता आणि छळछावण्यांसाठीच्या दाहभट्ट्या हा तिच्या उलाढालीचा अगदी लहान भाग होता. भट्ट्यांचे अभियंता कुर्ट प्र्यूफर आणि वायुवीजनाचे अभियंता कार्ल शुल्त्स हे दोघेही कामासाठी आउशविट्झच्याच बिर्केनाऊ या भागात जाऊन आले होते. हायड्रोसायनिक आम्ल सुमारे २६ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे थंड तळघरात ते खड्यांतून सावकाश बाहेर पडते. बिर्केनाऊच्या दाहगृहाखालचे, कागदोपत्री प्रेतागार म्हटलेले तळघर प्रत्यक्षात विषवायूची कोठडी होते. मार्च १९४३ च्या पत्रव्यवहारात भट्टीकडची गरम हवा वळवून ते तळघर आधीच तापवण्याची प्र्यूफर यांची सूचना चर्चेत आहे, आणि त्याच आठवड्यात कंपनीने या आम्लाचे अवशेष दाखवणाऱ्या उपकरणांची चौकशीही केली आहे. प्रेतागाराच्या तळघराला असली उपकरणे कशाला लागतात, हा प्रश्न ज्याला पडत नाही असा अभियंता कल्पनेतही आणता येत नाही. सोव्हिएत चौकशीत प्र्यूफर यांनी, आपल्याला १९४३ च्या वसंतापासून सगळे ठाऊक होते, असे मान्य केले. त्यांचे सहकारी फ्रिट्झ झांडर यांनी तर १९४२ मध्ये अखंड चालणाऱ्या सामूहिक दाहभट्टीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. झांडर यांचा बचाव असा होता की युद्धकाळात विमाने बांधणारा अभियंता जे करतो तेच आपण केले.

या दोन टोकांच्या मध्ये पुरवठादार येतात आणि भेद करणे तिथेच अवघड जाते. कीटकनाशक झायक्लॉन-बीमध्ये माणसांना वेळीच सावध करणारे, डोळे झोंबवणारे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असे. १९४३ मध्ये एसएस या नाझी निमलष्करी दलाचे अधिकारी कुर्ट गेरस्टाइन यांनी उत्पादक कंपनीकडे ते द्रव्य वगळून माल मागितला. डब्यातले विष तेच राहिले, पण ही मागणी ऐकल्यानंतर पुरवठा करणाऱ्याला अजाणतेपणाचा आधार घेणे कठीण होते.

हाम्बुर्ग येथील ब्रिटिश लष्करी न्यायालयाने मार्च १९४६ मध्ये हा भेद व्यक्तीनिहाय केला. छावण्यांना झायक्लॉन-बी पुरवणाऱ्या टेश अँड श्टाबेनो कंपनीचे मालक ब्रूनो टेश आणि त्यांचे सहायक कार्ल वाइनबाखर यांना वापराची माहिती होती, असा निष्कर्ष काढून न्यायालयाने दोघांना मृत्युदंड दिला. मे महिन्यात त्याची अंमलबजावणी झाली. आरोप युद्धगुन्ह्याचा होता, कारण वंशसंहारविरोधी करार आणि त्यातले सहभागाचे कलम डिसेंबर १९४८ मध्ये आले. त्याच कंपनीचे तंत्रज्ञ योआखिम ड्रोझीन मात्र निर्दोष सुटले. पुरवठा रोखण्याचे किंवा त्यावर प्रभाव टाकण्याचे अधिकार त्यांच्याकडे होते असे सिद्ध झाले नव्हते. म्हणजे नुसते माहीत असणे न्यायालयाला पुरेसे वाटले नाही. त्या माहितीबरोबर काही करण्याची सत्ताही हवी होती. ही कसोटी प्र्यूफर यांना लावली तर त्यांच्या बचावात काहीच उरत नाही, कारण तळघर तापवण्याची सूचना त्यांच्याकडून कोणी वदवून घेतली नव्हती.