पुण्यातील प्लेग-निवारण (१८९७) : मूल्यमापनाचा वाद

पुण्यातील पहिल्या प्लेगच्या साथीत मुंबई सरकारने योजलेल्या उपायांच्या यशापयशाविषयी अभ्यासकांत असलेला मतभेद. मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये रोगाचे निदान झाले व त्या हिवाळ्यात साथ पुण्यात पसरली. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या. रुग्णांना इस्पितळात, तर घरच्यांना सेग्रिगेशन (विलगीकरण) छावणीत नेले जाई. रँड यांच्या खुनाची हकीकत सर्वपरिचित असल्याने येथे दिलेली नाही.

मे १८९७ पर्यंत साथ ओसरली. अधिकाऱ्यांनी त्याचे श्रेय झडत्यांना दिले. वादाचे मूळ येथेच आहे. उंदरावरील पिसवांमार्फत रोग पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. त्याला सर्वमान्यता १९०५ नंतरच्या संशोधनाने मिळाली. पिसवेच्या अन्नमार्गात जंतूंचा बोळा बसतो, भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते व जंतू रक्तात ओकते, हे बॅकट व मार्टिन या संशोधकांनी १९१४ मध्ये सिद्ध केले. कडक, कोरड्या उन्हाळ्यात पिसवा कमी जगतात आणि बोळाही टिकत नाही. तेव्हा मे महिन्यातील उतार ऋतूमुळे असण्याचा संभव अधिक वाटतो. पावसाळ्यानंतर साथ अधिक जोराने परतली, यानेही त्यास पुष्टी मिळते. मात्र जंतू जमिनीत व कपड्यांत राहतो, अशी तेव्हाची समजूत होती. कौले उतरवून घरात ऊन घेणे, जमीन कार्बोलिक या जंतुनाशकाने धुणे, अंथरुणे जाळणे हे त्या समजुतीला धरूनच होते.

मृत्युसंख्येवर फार विसंबता येत नाही. झडतीच्या धास्तीने आजारी माणसे लपवली जात.

इतिहासकार डेव्हिड अर्नोल्ड यांनी वसाहती सत्तेने देहावर सांगितलेला हक्क मध्यवर्ती मानला. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी राज्यकर्त्यांच्या घबराटीवर आणि लोकांच्या एकजिनसी नसलेल्या प्रतिसादावर भर दिला. व्हेनिसच्या १८९७ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेमागील, साथीमुळे भारताशी व्यापार बंद होण्याची भीती लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. सैनिकांच्या गैरवर्तनाचा आरोप गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मागे घेतला, तो पुराव्याअभावी. त्यावरून काही घडलेच नाही असे ठरत नाही.

छावण्यांतील स्त्रियांविषयी साधने तुटपुंजी आहेत. डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगने वारल्या. अशा खासगी शुश्रूषेचा विचार या वादात क्वचितच होतो.